अर्धस्वयंचलित रायफल आणि तिचा सरंजाम : ‘एम-१ गॅरंड’चा ऐतिहासिक अभ्यास (१९१९–१९५७)

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांचा इतिहास लिहिताना शोध, संशोधक आणि लढाई या तीन गोष्टींना बहुधा प्राधान्य दिले जाते. एखादे शस्त्र कोणी शोधले, ते कोणत्या वर्षी स्वीकारले गेले आणि कोणत्या युद्धात त्याने पराक्रम गाजविला, एवढ्या तपशिलावर आपल्या पाठ्यपुस्तकांचे समाधान होते. परंतु शस्त्र हे एकटे कधीच नसते. त्याला काडतुसे लागतात, ती बाळगण्यासाठी पट्टा लागतो, वंगण लागते, नळी साफ करण्यासाठी दोरी व चिंदी लागते आणि हे सारे वापरण्याची सवय झालेला हात लागतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा विचार अपरिचित नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या महत्त्वाबरोबरच दारूखाना कोठे असावा आणि दारू दमट होऊ नये म्हणून काय करावे, याचाही बारकाईने विचार केलेला आहे. तोफ असणे वेगळे आणि ती वेळेवर उडणे वेगळे, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

विसाव्या शतकातील पायदळाच्या इतिहासात या विचाराचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेची ‘एम-१’ ही रायफल होय. संपूर्ण सैन्याची मुख्य रायफल म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ही पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित रायफल. तिचे निर्माते जॉन कँटियस गॅरंड यांच्या नावानेच ती ओळखली जाते. ९ जानेवारी १९३६ रोजी तिला अधिकृत मान्यता मिळाली, म्हणून तिचा इतिहास बहुधा या तारखेशी येऊन थांबतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, १९३६ मध्ये केवळ यंत्र सिद्ध झाले होते. सैनिकाच्या हातात विश्वासाने देता येईल अशी व्यवहार्य रायफल सिद्ध व्हायला त्यानंतर सात-आठ वर्षे लागली, आणि ती वर्षे प्रामुख्याने लहानसहान उपसाधनांनी व दुरुस्त्यांनी व्यापलेली आहेत.

पूर्वपीठिका

पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक सैन्यांची रायफल बोल्टची होती. प्रत्येक गोळीनंतर सैनिकाला हाताने बोल्ट मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर टाकावी लागे व बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवावे लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम शस्त्र स्वतः करते. गोळी नळीतून जात असताना निर्माण झालेल्या वायूचा थोडा अंश एका दांड्यास मागे ढकलतो, तो दांडा बोल्ट फिरवून उघडतो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि दाबली गेलेली स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. चाप मात्र दर वेळी स्वतंत्रपणे ओढावा लागतो. एका ओढीस एकच गोळी सुटते. नेम न सोडता पुढची गोळी झाडता येणे हा या रचनेचा खरा लाभ होय.

ही कल्पना गॅरंड यांच्या आधीची आहे. मेक्सिकोचे अधिकारी मान्वेल मोंद्रागोन यांची रायफल १९०८ मध्ये त्या देशाने स्वीकारली. तिचे उत्पादन स्वित्झर्लंडमध्ये झाले. पण पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ती वापरून पाहिली तेव्हा खंदकातील चिखलापुढे तिचा टिकाव लागला नाही. फ्रान्सने १९१७ मध्ये आपली अर्धस्वयंचलित रायफल रणांगणावर आणली. परंतु तिला पाच काडतुसांची स्वतंत्र, खास क्लिप लागत असे. अमेरिकेत जॉन पेडरसन यांनी जुन्याच स्प्रिंगफील्ड रायफलीत बसविता येईल असे एक उपकरण तयार केले. अशी सुमारे ६५ हजार उपकरणे तयार झाली. पण युद्ध संपल्याने ती वापरात आली नाहीत आणि पुढे बहुतेक नष्ट करण्यात आली. या तिन्ही प्रयत्नांत यंत्राची मूळ कल्पना सदोष नव्हती. अडचण होती ती चिखल, काडतुसांचा पुरवठा आणि सैनिकाने वाहून न्यायचा वाढता सरंजाम यांची.

काडतुसाचा प्रश्न

गॅरंड यांचा जन्म १८८८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. बालपणीच कुटुंब अमेरिकेत आले आणि कापडगिरणीत काम करता करता त्यांना यंत्रांची गोडी लागली. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात रुजू झाले आणि १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

१९२० च्या दशकात त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी पेडरसन हेच होते. पेडरसन यांच्या रायफलीसाठी ०.२७६ इंच व्यासाचे नवे, हलके काडतूस होते. मात्र पुंगळी सुलभतेने बाहेर यावी म्हणून तिच्यावर मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. प्रयोगशाळेत ही अडचण किरकोळ वाटली, तरी धूळ आणि उन्हाचा विचार करणाऱ्यांना तो लेप खटकत होता. गॅरंड यांच्या रायफलीला लेपाची गरज नव्हती. चाचण्यांअंती १९३२ च्या आरंभी ०.२७६ इंची गॅरंड रायफलीची शिफारस झाली; परंतु लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ती मान्य केली नाही. ०.३० इंची काडतुसांचा मोठा साठा सैन्याजवळ होता आणि मशीनगनही त्याच काडतुसावर चालत होत्या. मंदीच्या काळात दोन प्रकारच्या काडतुसांचा पुरवठा सांभाळणे त्यांना योग्य वाटले नाही.

या निर्णयावर आजही मतभेद आहेत. काडतूस मोठे झाल्यामुळे क्लिपमधील काडतुसांची संख्या दहावरून आठवर आली व रायफल सुमारे ४.३ किलोग्रॅम वजनाची झाली. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. रायफलीचे अंतिम रूप केवळ यंत्ररचनेने ठरले नाही. गोदामातील साठ्यानेही ते ठरविले.

आठ काडतुसांची क्लिप

बाहेर लोंबणारे मॅगझिन सैन्याच्या तज्ज्ञांना नको होते. ते हरवेल, वाकेल, जमिनीलगत पडून गोळी झाडताना आड येईल, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून आठ काडतुसे धरून ठेवणारी पोलादी पत्र्याची एक क्लिप निश्चित करण्यात आली. ही क्लिप काडतुसांसह वरून रायफलीत दाबायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप आपोआप बाहेर उडते आणि बोल्ट उघडा राहतो.

या क्लिपने अनेक गोष्टी साधल्या. भरणे जलद झाले, आणि क्लिप स्वस्त असल्याने ती टाकून देता येई. तथापि तिने काही बंधनेही घातली. तीन-चार गोळ्या झाडल्यावर मधेच सुटी काडतुसे भरून क्लिप पूर्ण करणे अवघड होते, त्यामुळे उरलेल्या गोळ्या झाडून टाकणे किंवा अर्धी क्लिप काढून नवी बसविणे हेच सोपे ठरे. सुटे काडतूस हाती असले तरी क्लिपशिवाय ही रायफल प्रत्यक्षात एकेक गोळी झाडणारी बंदूक बनत असे. भरताना बोल्ट एकाएकी पुढे येऊन अंगठा चेचला जाण्याचा अनुभवही असंख्य सैनिकांनी घेतला. हाताच्या कडेने दांडा अडवून धरीत अंगठ्याने क्लिप दाबायची आणि चटकन हात काढून घ्यायचा, ही कृती सरावाने अंगवळणी पाडावी लागे. म्हणजेच क्लिपबरोबर प्रशिक्षणाचाही खर्च आला.

वाहून नेण्याचा प्रश्नही होता. १९२३ च्या नमुन्याचा दहा कप्प्यांचा कापडी कमरपट्टा सैन्यात रूढ होता. जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या प्रत्येक कप्प्यात मावत. म्हणजे पट्ट्यात एकूण १०० काडतुसे. त्याच कप्प्यात गॅरंडची क्लिप मात्र एकच बसे. म्हणजे एकूण ८०. अधिक वेगाने गोळ्या झाडणाऱ्या सैनिकाच्या कमरेला आधीपेक्षा कमी गोळ्या, असा हा विरोधाभास होता. खांद्यावरून तिरक्या अडकवायच्या कापडी पट्ट्याने तो सोडविला. त्याच्या सहा कप्प्यांत सहा क्लिपा, म्हणजे ४८ काडतुसे राहत. काडतुसे कारखान्यातूनच क्लिपमध्ये बसवून आणि या पट्ट्यांत भरून पाठविण्याची पद्धत रुजली, तेव्हाच नव्या रायफलीचा वेग रणांगणावर उपयोगी पडला.

कारखान्यातील दुरुस्त्या

प्रत्यक्ष उत्पादन १९३७ मध्ये सुरू झाले आणि दोष दिसू लागले. आरंभीच्या रायफलीत वायू नळीच्या तोंडापाशी बसविलेल्या एका टोपणात अडवून घेतला जाई. पुढची साइट त्याच भागावर असल्याने तो किंचित हलला तरी नेम बिघडे. शिवाय तेथे काजळी साचे. १९३९–४० मध्ये ही रचना सोडून नळीलाच तोंडाजवळ बारीक छिद्र पाडून वायू घेण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. याच सुमारास क्लिपमधील सातवे काडतूस अडकण्याची तक्रार वाढली. तपासाअंती आढळले की, उत्पादनाची अवजारे बदलताना रायफलीच्या चौकटीच्या आतील एक बारीकशी कड बिनमहत्त्वाची समजून कापली गेली होती. ती पूर्ववत केल्यावर दोष गेला. मागील साइटचे अंतर जुळविणारे चक्र गोळीच्या धक्क्याने सरकत असे. त्यासाठी पुढे घट्ट आवळणारी पट्टी बसविण्यात आली. यांपैकी एकही दुरुस्ती ‘शोध’ म्हणून नोंदली जाण्याजोगी नाही. पण त्यांच्याशिवाय मूळ शोध निरुपयोगी ठरला असता.

दस्त्यातील कप्पा, वंगण आणि पट्टा

देखभालीच्या साधनांचा इतिहास अधिक बोलका आहे. सुरुवातीच्या एम-१ रायफलींच्या दस्त्यात साफसफाईचे सामान ठेवण्यास जागाच नव्हती. सुमारे १९४० पासून दस्त्यात दोन पोकळ्या पाडून त्यांवर उघडझाप करणारी पत्र्याची झडप बसविण्यात आली. एका पोकळीत तेलाची नळकांडी व साफसफाईची दोरी, दुसरीत रायफल खोलण्याचे बहुउपयोगी हत्यार अशी ही व्यवस्था होती. सामान पाठीवरील पिशवीत असणे आणि शस्त्राच्या पोटातच असणे यांत मोठा फरक आहे. पिशवी मागे राहते, हरवते. दस्ता सैनिकापासून दूर जात नाही.

ही साधने चैनीची नव्हती. त्या काळच्या ०.३० इंची काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरत आणि ते हवेतील ओलावा शोषून नळीला गंज चढवीत. गोळीबारानंतर नळी पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावणे अनिवार्य होते. बोल्टच्या रायफलीत बोल्ट काढून मागच्या बाजूने दोरी ओढता येई. गॅरंडची चौकट मागून बंद असल्यामुळे सफाईची सळई नळीच्या तोंडातूनच घालावी लागे. निष्काळजीपणे सळई फिरविल्यास तोंडाची कड झिजे आणि अचूकता घटे. त्यामुळे स्वच्छता करणारा हातही शिकविलेला असावा लागे.

१९४० च्या अखेरीस अमेरिकी मरीन दलाने सॅन डिएगो येथे अनेक रायफलींची कठोर तुलनात्मक चाचणी घेतली. चिखल, वाळू आणि खारे पाणी यांत नव्या रायफलीचे काम समाधानकारक झाले नाही. जुनी बोल्टची रायफल मात्र हाताच्या जोरावर चालत राहिली. तरीही मरीन दलाने १९४१ मध्ये एम-१ स्वीकारली, कारण साधारण परिस्थितीत तिची मारकशक्ती निर्विवादपणे अधिक होती. ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वादालकनाल बेटावर उतरलेल्या मरीन सैनिकांच्या हाती मात्र जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलीच होत्या. ऑक्टोबरमध्ये आलेल्या लष्करी पलटणीकडे गॅरंड रायफली होत्या, आणि त्यांचा प्रभाव मरीन सैनिकांनी जवळून पाहिला.

दीर्घकाळ पडणाऱ्या पावसात साधे तेल धुऊन जाई व धातूच्या घासणाऱ्या पृष्ठभागांत बोल्ट अडखळे. यावर उपाय म्हणून पाण्याने न धुतले जाणारे घट्ट ग्रीस निवडण्यात आले आणि ते लहानशा डबीतून सैनिकांना देण्यात आले. दस्त्यातील कप्प्यात ती डबी बसे. सॅन डिएगोच्या चाचणीत दिसलेल्या उणिवांपैकी पाण्यासंबंधीच्या उणिवेवरचे बरेचसे उत्तर या डबीत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खांद्याच्या पट्ट्याचेही असेच. १९०७ च्या नमुन्याचा चामड्याचा पट्टा केवळ रायफल अडकविण्यासाठी नव्हता. दंडाभोवती त्याचा फास आवळून रायफल स्थिर धरण्याचे शिक्षण नेमबाजीचा पाया मानले जाई. उष्ण व दमट प्रदेशात चामडे कुजू लागले आणि युद्धामुळे त्याचा तुटवडाही भासला. तेव्हा जाड सुती कापडाचा, चटकन लहान-मोठा करता येणारा पट्टा प्रचारात आला.

उपसाधनांच्या मर्यादा

प्रत्येक उपसाधन लाभदायकच ठरले असे नाही. रायफलीवरून हातबाँब फेकण्यासाठी १९४३ मध्ये ‘एम-७’ हे उपकरण देण्यात आले. ते नळीवर बसविले की वायूची झडप उघडी राही, त्यामुळे बाँब फेकताना यंत्रावर ताण येत नसे. पण तेवढ्या काळात रायफलीची अर्धस्वयंचलित क्रिया बंद पडे आणि सैनिकाला प्रत्येक वेळी दांडा हाताने ओढावा लागे. दुर्बीण बसविण्यातही अडचण आली. क्लिप वरून घालायची व रिकामी क्लिप वरूनच उडायची असल्याने दुर्बीण मध्यरेषेवर बसविता येईना. म्हणून १९४४ मध्ये स्वीकारलेल्या ‘एम-१ सी’ या नमुन्यात ती डाव्या बाजूस सरकविण्यात आली आणि नेम धरणाऱ्याचा गाल योग्य जागी यावा यासाठी दस्त्यावर चामड्याची गादी बांधावी लागली. एका रचनेसंबंधी १९३० च्या दशकात घेतलेल्या निर्णयाने पुढच्या दशकातील उपसाधनाचे रूप ठरविले.

या सर्व दुरुस्त्यांसह १९४४ पर्यंत जी रायफल सिद्ध झाली, तिचीच ख्याती आज सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४० लाख आणि १९५७ पर्यंत एकूण सुमारे ५४ लाख एम-१ रायफली तयार झाल्या. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या ‘एम-१४’ रायफलीला मात्र २० काडतुसांचे सुटे मॅगझिन होते. एकेकाळी नाकारलेले साधनच अखेर मान्य झाले.

भारतीय अनुभव

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६२ मधील चीनविरुद्धच्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने ०.३०३ इंची, बोल्टची ली-एन्फिल्ड रायफल होती, तर चिनी सैन्याजवळ अर्धस्वयंचलित शस्त्रे होती. पराभवाची चर्चा करताना या फरकाचा उल्लेख नेहमी होतो व तो योग्यच आहे. परंतु नामका चू येथे लढलेल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) या ग्रंथातून दिसते ते असे की, काडतुसे, हिवाळी कपडे आणि रसद यांची टंचाईही तितकीच जीवघेणी होती. केवळ नवी रायफल देऊन ती टंचाई भरून निघाली नसती.

युद्धोत्तर काळात ७.६२ मिलिमीटरची ‘१ए१’ ही अर्धस्वयंचलित रायफल ईशापूरच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. बेल्जियमच्या प्रसिद्ध रायफलीवर आधारलेल्या या भारतीय नमुन्याच्या विकासात, १९५८ मध्ये खडकी येथे स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यातील पाषाण येथे गेलेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेचा वाटा आहे. गॅरंडच्या अनेक उणिवा येथे मुळातच दूर झालेल्या दिसतात. वीस काडतुसांचे सुटे मॅगझिन आहे, वायूचे प्रमाण सैनिकाला स्वतः कमी-जास्त करता येते, आणि रायफल मध्यावर उघडत असल्याने पुलथ्रूची दोरी मागच्या बाजूने घालता येते. एन.सी.सी.च्या छात्रांना रायफल खोलणे-जोडणे शिकविताना चिंदी व तेलाच्या बाटलीवर जो भर दिला जातो, त्यामागे हाच अनुभव उभा आहे. काडतुसांच्या बाजूने पाहिले तर १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुधनिर्माणी यांचा विचार केल्याशिवाय भारतीय रायफलीचा इतिहास अपुरा राहील.

पुढील पिढीतील ‘इन्सास’ रायफलीविषयी १९९९ च्या कारगिल संघर्षानंतर ज्या तक्रारी पुढे आल्या, त्यांत कडाक्याच्या थंडीत तडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनची तक्रार प्रमुख होती. येथेही बोट ठेवले गेले ते एका उपसाधनावर.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, शस्त्राचा स्वीकार आणि शस्त्राची सिद्धता या दोन भिन्न घटना आहेत व त्यांच्यामधील काळ इतिहासकाराने दुर्लक्षू नये. दोन, क्लिप, पट्टा, ग्रीसची डबी, दस्त्यातील कप्पा यांसारखी साधने शस्त्राला बाहेरून चिकटविलेली नसतात. ती शस्त्राच्या रचनेवर परिणाम करतात आणि रचना त्यांच्यावर. तीन, या साधनांवरील खर्च अंदाजपत्रकात किरकोळ दिसतो, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम त्यांच्यावर चालते. तिची किंमत मात्र रणांगणावरील सैनिक मोजतो.

आपल्याकडे शस्त्रास्त्रांच्या स्वावलंबनाची चर्चा प्रामुख्याने मोठ्या यंत्रांभोवती फिरते. गॅरंड रायफलीचा इतिहास त्या चर्चेला एक मोलाची पुरवणी जोडतो. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात सतरा वर्षे खपून सिद्ध झालेले यंत्र पावसात चालते ठेवण्याचे काम दस्त्यातील एका लहानशा डबीने केले. त्या डबीचा विचार करणाऱ्या अनामिक कारागिरांची, भांडारपालांची आणि प्रशिक्षकांची नोंद घेणे हेही इतिहासलेखनाचे कर्तव्य होय.